शाळा कुणाची? वर्गणी, देणगी आणि गावातलं हायस्कूल

विषयाचं नाव वाचून काहींनी आयोजकांना विचारलं म्हणे, की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला पावतीपुस्तकातलं काय कळतं? प्रश्न रास्त आहे. पण देणं, घेणं, उपकार, हक्क, 'आपलं' आणि 'त्यांचं' हे सगळे शब्द पावतीपुस्तकाच्या एका पानावर एकत्र येतात, आणि हे शब्द तर आमच्या दुकानातलेच आहेत. तेव्हा थोडा वेळ सहन करा.

पेणच्या किंवा रोह्याच्या एखाद्या अनुदानित हायस्कुलातला नववीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. दोन्ही तालुक्यांतली मुलं मी एकाच वर्गात बसवतो आहे, एवढी सवलत मला द्या. पहिल्या बाकावर बाजारपेठेतल्या दुकानदाराची मुलगी. तिच्या शेजारी खारेपाटातून एसटीने येणारी आगरी मुलगी, जिच्या घरी उन्हाळ्यात पाण्याची वाट बघत बसावं लागतं. मागे कोकणी मुसलमान घरातला मुलगा, वडील आखातात नोकरीला. हमरापूर-जोह्याकडचा एक, घरी गणपतीचा कारखाना. श्रावणात त्याची बोटं रंगाने भरलेली असतात. बौद्धवाडीतली एक मुलगी, गणितात सगळ्यांच्या पुढे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या बिहारी कुटुंबातला मुलगा, जो आता आपल्यासारखाच 'काय रे' म्हणून हाक मारतो. आणि शेवटच्या बाकावर, दिवाळीपर्यंत दिसतो आणि नंतर दिसत नाही असा कातकरी वाडीवरचा एक मुलगा. आईबाप उचल घेऊन वीटभट्टीवर गेले की तोही जातो.

ही मुलं दुसरीकडे कुठे एकत्र बसतात? देवळात नाही, मशिदीत नाही, मंडळात नाही, वाडीवर तर नाहीच. एका बाकावर बसण्याची तालुक्यातली ही जवळजवळ एकमेव जागा आहे. म्हणून तिच्यासाठी पैसा गोळा करणं आणि देवळाच्या कळसासाठी पैसा गोळा करणं ही दोन वेगळी कामं आहेत. कळसाला वर्गणी देणारे सगळे आधीपासून एकमेकांचे असतात. शाळेत ते तसे नसतात.

आधी व्यवहार समजून घेऊ. अनुदानित शाळेत शिक्षकांचे पगार सरकार देते. त्याशिवाय वेतनेतर अनुदान नावाची एक रक्कम असते, तिच्यात वीज, खडू, दुरुस्ती वगैरे भागवायचे असते. ती किती पुरते ते इथे बसलेल्या मुख्याध्यापकांना विचारा. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, दुपारी पोषण आहार मिळतो. शिक्षणहक्काचा कायदाही आठवीपर्यंतच, चौदाव्या वर्षापर्यंतच, हात धरतो. नववीत पुस्तके विकत घ्यावी लागतात आणि दुपारची खिचडीही बंद होते. म्हणजे मूल मोठं झालं, भूक वाढली, पुस्तकं महागली आणि नेमका त्याच जूनमध्ये सरकारने हात सोडला. हायस्कूल सोडणाऱ्या मुलांबद्दल आपण हळहळतो, पण या नववीच्या पायरीकडे कुणी नीट बघत नाही.

आणि अनुदानात जे कधीच येत नाही ते म्हणजे 'कार्यक्रम'. सहल, स्नेहसंमेलन, विज्ञान प्रदर्शन, तालुक्याच्या कबड्डीला जाण्याचं भाडं, शिष्यवृत्ती परीक्षेचे जादा वर्ग, वाचनालयात नवी पुस्तकं. आपण याला 'जादा' म्हणतो, कारण निकालपत्रात त्याचे गुण नसतात. पण भूमितीचा तास सगळ्यांना सारखा असतो, सहल सारखी नसते. फळ्यासमोर कोण गरीब आहे ते कळत नाही. सहलीचे पैसे जमा करायच्या दिवशी ते अख्ख्या वर्गाला कळतं. ज्या मुलाने 'मला बस लागते' असं सांगून सहल टाळली त्याला बस लागत नसते, हे त्याच्या शेजारच्या मुलाला पक्कं ठाऊक असतं. म्हणून शाळेतली विषमता अभ्यासात कमी आणि कार्यक्रमात जास्त दिसते, आणि हा पैसा कुठून कसा आला यावर ती वाढते किंवा कमी होते.

आता तीन शब्द वेगळे करू. फी, देणगी आणि वर्गणी. फी म्हणजे जेवढं घेतलं त्याचं मोल. व्यवहार तिथे संपतो. देणगी म्हणजे माझ्याजवळ जास्त होतं, त्यातलं मी दिलं. यात देणारा वर आणि घेणारा खाली अशी एक पायरी आपोआप तयार होते. वर्गणी हा शब्द मात्र वेगळ्या जातीचा. वर्ग म्हणजे गट, समूह. आपण सगळे मिळून जे करतो आहोत त्यातला माझा वाटा, तो मी भरला. वर्गणी देणारा उपकार करत नाही आणि विकतही घेत नाही. तो 'मी यातला आहे' एवढंच सांगतो. गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली नाहीत तर आपल्याला राग येतो की नाही? पैसे वाचले म्हणून आनंद व्हायला हवा! (हशा) पण राग येतो, कारण आपल्याला वगळलं गेलं.

एक साधा हिशोब करू. समजा, एका हायस्कुलात साडेचारशे घरांतली मुलं आहेत. घरटी शंभर रुपये जमले तर ४५,००० होतात. दुसऱ्या शाळेत एका दात्याने एकदम ४५,००० दिले. बँकेच्या पासबुकात दोन्ही आकडे सारखे. पण पहिल्या शाळेत पुढच्या महिन्यात साडेचारशे माणसांना विचारायचा हक्क आहे, की बाबांनो, त्या पैशाचं काय झालं? दुसऱ्या शाळेत एकालाच. पहिल्या शाळेत ग्रंथालयाला कुलूप दिसलं तर वाडीवरची बाईसुद्धा विचारेल. दुसऱ्या शाळेत ती म्हणेल, साहेबांनी दिलंय, साहेब बघतील.

ही कल्पना माझी नाही. महाराष्ट्रात हायस्कुलांच्या इतिहासातच ती आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, ज्याला १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. त्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंक्तीत जेवत. त्या काळात हे किती जड होतं त्याची कल्पना आज करता येणार नाही. आपल्याच जिल्ह्यात महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला तेच हे १९२७ साल.

अशा वसतिगृहाला पैसा कोण देणार? ज्यांच्याकडे पैसा होता त्यांतल्या पुष्कळांना ही पंगतच मान्य नव्हती. भाऊरावांनी मुष्टिफंड काढला. घरातल्या बाईने दळण करताना एक मूठ धान्य बाजूला मडक्यात टाकायचं. आठवड्याने पोरं येऊन ते गोळा करणार. बस, एवढंच. एक मूठ ज्वारीने कुणाचं घर बुडत नाही आणि एका घराच्या मुठीने वसतिगृह चालत नाही. पण शेकडो घरांच्या मुठींनी चाललं.

यातली खुबी बघा. पहिली गोष्ट, मूठ मोजायला पैसा लागत नाही. कुळवाड्याच्या घरात रोकड नसे, ज्वारी असे. जे घरात आहे तेच मागितलं. दुसरी, मूठ सगळ्यांची जवळजवळ सारखी. पाटलाच्या बायकोचा हात काही महाराच्या बायकोपेक्षा चौपट मोठा नसतो. (हशा) तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. मडक्यात पडलेलं धान्य एकमेकांत मिसळतं. कोणत्या घरचा दाणा कुणाच्या ताटात गेला हे सांगता येत नाही. ज्या घरातल्या बाईला दुसऱ्या जातीच्या पोराला जेवू घालायला संकोच वाटला असता, तिची मूठ त्या पोराच्या भाकरीत कधी गेली ते तिलाही कळलं नाही. आणि मग जेव्हा कळलं, तेव्हा ते होऊन गेलेलं होतं.

मूठ पुरली असं मात्र समजू नका. वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने विकायला दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. ही गोष्ट आपण भाषणात फार सहज सांगतो आणि टाळ्या घेतो. मला त्यातून वेगळं दिसतं: गाव जेवढं कमी देतं, तेवढं कुणातरी एका घराला जास्त द्यावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते त्या घरातल्या बाईला द्यावं लागतं. आजही शाळेचा कार्यक्रम निभावतो तो कुठल्यातरी शिक्षिकेने स्वतःच्या पगारातून पाचशे-हजार घातले म्हणून. त्याची पावती फाटत नाही.

१९४८ च्या सुमारास मुंबई सरकारने रयतचं अनुदान थांबवलं. भाऊरावांच्या बोलण्याचा राग होता. संस्था बंद पडली नाही. उलट गांधीजींच्या नावाने १०१ हायस्कुलं काढण्याचा संकल्प भाऊरावांनी त्याच काळात केला. पुढे अनुदान सुरू झालं. हजार घरांतून येणारी मूठ सरकारला थांबवता येत नाही, एका दात्याला रुसून परत नेता येत नाही. वर्गणीचा हा फायदा पासबुकात दिसत नाही.

आता आपल्या घरचीच दोन माणसं घेऊ. पेण तालुक्यातलं गागोदे. विनोबा तिथले, जन्म १८९५ चा. भूदान सगळ्यांना माहीत आहे. पण १९५६ मध्ये त्यांनी जे केलं ते कमी लोकांना आठवतं. भूदानाच्या कामाला गांधी निधीतून पैसा येत होता, तो घेणं त्यांनी थांबवायला लावलं. निधीमुक्ती म्हणाले त्याला. मोठा निधी असला की कार्यकर्ता लोकांकडे न जाता निधीकडे बघतो, असा त्यांचा रोख होता. मग पुढे आलं सर्वोदय पात्र. घरात एक भांडं ठेवायचं आणि रोज त्यात मूठभर धान्य टाकायचं, आणि ते कुणी टाकायचं? घरातल्या लहान मुलाने. मोठ्या माणसाच्या मुठीत धान्य जास्त मावेल, पण विनोबांना धान्यापेक्षा त्या लहान हाताला लागणारी सवय हवी होती. दान या शब्दाचा अर्थ ते सम-विभाजन असा घेत. म्हणजे दान केल्यावर तुम्ही मोठे होत नाही, वाटा सारखा होतो.

दुसरे पांडुरंगशास्त्री आठवले. जन्म रोह्याचा, १९२० चा. त्यांच्या स्वाध्याय परिवाराची बाकीची मतं बाजूला ठेवू, मला सगळी पटतात असं नाही. पण 'योगेश्वर कृषी' ही कल्पना तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने जरूर तपासावी. गावात एक शेत, त्यावर प्रत्येकाने वर्षातले थोडे दिवस पूजा म्हणून राबायचं. पिकलेलं धान्य कुणाचंच नाही, देवाचं. त्यातून गावातल्या अडलेल्या घराला गाजावाजा न करता मदत जाते. याला ते अपौरुषेय लक्ष्मी म्हणत. घेणाऱ्याला कुणापुढे मान खाली घालावी लागत नाही, कारण देणारा असा कुणी समोर उभाच नाही.

मार्सेल मॉस नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ मध्ये देण्याघेण्यावर एक निबंध लिहिला, जगभर गाजला. त्याचं म्हणणं, भेट कधीच फुकट नसते. द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि फेडावंही लागतं. फेडता आली नाही तर घेणारा दबतो. माझ्या मते सातारचं मडकं आणि रोह्याच्या शास्त्रीबुवांचं शेत ही मॉसच्या कोड्याला दिलेली दोन उत्तरं आहेत. दोन्हीकडे युक्ती एकच, देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये काहीतरी मिसळणारं ठेवायचं. शाळेचा सामायिक गल्ला हे तिसरं उत्तर होऊ शकतं.

मग मोठी देणगी घेऊच नये का? असं मी म्हणत नाही. महर्षी कर्व्यांचं उदाहरण दोन्ही बाजूंचं आहे. हिंगण्याच्या आश्रमासाठी पार्वतीबाई आठवले, स्वतः विधवा, गावोगाव फिरून वर्गणी गोळा करत. पुढे अमेरिकेपर्यंत गेल्या. आणि दुसरीकडे १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी महिला विद्यापीठाला पंधरा लाख दिले, विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं. पंधरा लाख वर्गणीतून जमले नसते, हे उघड आहे. इमारत, जमीन, मोठी प्रयोगशाळा यांना मोठा दाता लागतो, त्याने नाव मागितलं तर द्यावं, त्यात काही पाप नाही. पाटी भिंतीवर लागू दे. मुलाच्या अंगावर लागू नये, एवढंच. अमुक शेठजींच्या कृपेने मिळालेला गणवेश घालून पोराला मंचावर उभं करायचं, शेठजींच्या बाजूला, आणि फोटो काढायचा. हे मला असह्य होतं. त्या फोटोत शेठजी हसतात आणि पोरगं कुठे बघतं, ते एकदा निरखून बघा.

इथे एक आक्षेप येणारच, आणि तो जोरदार आहे. शाळा चालवणं सरकारचं काम. आम्ही कर भरतो. मग पुन्हा वर्गणी का? जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हेच मांडलं होतं, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्यांना होतो. म्हणजे रयतेने आधीच पैसे भरलेले आहेत. तिच्याकडे पुन्हा मूठ मागणं हा दुहेरी कर झाला. शिवाय लोक देतात म्हटलं की सरकार आणखी हात आखडतं.

मला हा आक्षेप मान्य आहे, आणि त्यामुळेच मी एक रेघ ओढतो. शिक्षकाचा पगार, छप्पर, मुलींचं स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी यांसाठी वर्गणी काढू नये. त्यासाठी अर्ज करावा, मोर्चा काढावा, आमदाराच्या दारात बसावं. अमेरिकेत काही शहरांत पालकांच्या निधीतून सरकारी शाळांत जादा शिक्षक नेमण्याची पद्धत पडली. परिणाम काय? श्रीमंत वस्तीतल्या सरकारी शाळेत जास्त शिक्षक, गरीब वस्तीत कमी, आणि दोन्ही म्हणे सरकारीच. पोर्टलंड शहराने त्यावर कित्येक वर्षं एक नियम चालवला: शाळेने जमवलेल्या निधीतले पहिले दहा हजार डॉलर तिचे, त्यापुढच्या रकमेचा तिसरा हिस्सा गरजू शाळांच्या सामायिक निधीत. नियम चांगला. पण गळती सुरू झाल्यावर खाली बादली ठेवण्यातला प्रकार. पगार हा विषयच पालकांच्या निधीत यायला नको होता.

वर्गणी कार्यक्रमांसाठी असावी. आणि तिचा पहिला हक्क ज्याच्यावाचून एखादं मूल बाहेर राहतं त्या गोष्टीचा. सहलीचंच घ्या. ज्यांनी पैसे भरले ते जाणार, आणि 'गरीब मुलांसाठी' चार जागा फुकट, ही पद्धत बंद करा. चार गरीब कोण ते वर्गासमोर ठरतं. त्याऐवजी सहलीचं एकूण भाडं गल्ल्यातून, सगळ्यांचं. गल्ल्यात पैसे कमी आहेत? मग सहल जवळची काढा. महाबळेश्वर नको, कुडा लेणी बघा, कोर्लई बघा. अख्खा वर्ग कोर्लईला गेलेला मला चालेल, अर्धा वर्ग महाबळेश्वरला गेलेला नाही.

आता विश्वासाबद्दल. पेणमध्ये पैशाबद्दल बोलताना पेण अर्बन बँकेचं नाव न घेता बोलता येत नाही. २०१० मध्ये त्या बँकेवर निर्बंध आले आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. ज्या गावाने हे भोगलं ते गाव पावतीपुस्तक बघून प्रश्न विचारणारच, आणि विचारावेतच. तेव्हा शाळेसाठी पैसे मागणाऱ्याने काही गोष्टी न सांगता कराव्यात. पैसा संस्थेच्या, म्हणजे नोंदणी झालेल्या न्यासाच्या खात्यात जावा. कुणा उत्साही सरांच्या मोबाइलवरच्या क्यूआर कोडवर नाही, सर कितीही सज्जन असोत. नोंदणी नसलेल्या माजी विद्यार्थी गटाला लोकांकडून निधी गोळा करायचा असेल, तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय आयुक्तांकडून परवानगी घ्यावी लागते. सार्वजनिक न्यास कायद्यात तसं कलम आहे. प्रवेशाच्या टेबलावर देणगीचं पावतीपुस्तक ठेवणं हा तर १९८७ च्या कायद्याने गुन्हाच आहे. आणि जमाखर्च, तो दाराशी लावा. गणपती मंडळं उत्सवानंतर फलकावर लिहितात तसा: मांडव इतके, वाजंत्री इतके, शिल्लक इतकी. शाळेच्या फाटकाशी फळा असतोच, सुविचार एक दिवस नाही लिहिला तरी चालेल.

मोठा कायम निधी करून व्याजावर कार्यक्रम चालवावेत, असं काही सुशिक्षित मंडळी सुचवतात. हिशोबाने बरोबर आहे. मला मात्र यात विनोबांची शंका आठवते. व्याज मिळायला लागलं की वर्गणी मागायला कुणी वाडीवर जाणार नाही, आणि वाडीवर जाणं हाच तर निम्मा फायदा होता. दोन वर्षांच्या अडचणीला पुरेल इतकी शिल्लक ठेवावी, बाकी दरवर्षी जमवावं आणि दरवर्षी खर्चावं.

आणि एक करू नका, कृपा करून: मुलांच्या हातात तिकिटं देऊन 'जास्त खपवणाऱ्याला बक्षीस' लावू नका. ज्याच्या घरचे ओळखीचे श्रीमंत आहेत तो पहिला येणार हे आधीच ठरलेलं असतं. मुलाला त्यातून मिळतो तो फक्त आपल्या बापाच्या ऐपतीचा आकडा.

पैसे नसतील तिथे काय मागायचं? इथे आपला भाग भाग्यवान आहे. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर शंभर रुपये देईल, पण त्याने गणपती संपल्यावर चार शनिवार येऊन मुलांना रंग आणि माती शिकवली तर ते कोणत्या दरात मोजाल? पेणच्या पापड करणाऱ्या बायकांनी स्नेहसंमेलनाच्या दिवशी एक टेबल लावलं, तर विक्री गल्ल्यात. हिवाळ्यात पोपटी लावा. शेतातच, वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, तिकीट लावून. दोन मडकी ठेवा, एकात नुसत्या शेंगा आणि बटाटे, दुसऱ्यात अंडी-कोंबडी. कोंबडीवरून वाद नको असेल तर दुसऱ्यात फक्त अंडी. मिश्र शाळेत जेवणाचा विचार आधी करावा लागतो, मागून दिलगिरी उपयोगाची नसते. मुंबईला गेलेले चाकरमानी गावच्या देवळाला भरभरून देतात. धावीर महाराजांच्या पालखीला रोह्यात मुंबईहून माणसं येतात. त्याच सुट्टीत शाळेची सभा ठेवली तर निम्मं काम होईल.

कंपन्यांचा पैसा आहे, दोन टक्क्यांच्या कायद्यामुळे. धाटावला आहे, डोलवीला आहे. घ्यावा. फक्त कंपनीला इमारत आवडते, संगणक कक्ष आवडतो, जे एका दिवसात उद्घाटन करून फोटोत मावतं ते आवडतं. कबड्डीच्या संघाचं वर्षभराचं एसटी भाडं फोटोत मावत नाही. ते वर्गणीवरच ठेवा. माजी विद्यार्थ्यांच्या बॅचचंही तसंच. एका बॅचने पाण्याचं यंत्र दिलं की पुढची बॅचही यंत्रच देते. शाळेत तीन यंत्रं, तिन्हींवर नावं, आणि बदलायला गाळणी नाही. शाळेने यादी करून द्यावी, बॅचने यादीतलं निवडावं. एवढा साधा उपाय आहे.

बोलणं इथे थांबवतो. दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेऊ.

पहिली: 'आकड्यासकट नावं जाहीर केली नाहीत तर लोक देतील का?' नावं जाहीर करा, आकडे करू नका. फलकावर साडेचारशे नावं, वर्णानुक्रमाने. ज्याने दहा दिले तो आणि ज्याने दहा हजार दिले तो एका ओळीत. दहा हजारवाल्याला पावती मिळेलच, आयकरासाठी. त्याला ओळीत उभं राहणं नको असेल तर त्याने भिंतीसाठी द्यावं, आधी सांगितलं तसं.

दुसरी चिठ्ठी: 'कातकरी पालकांना वर्गणीतून सूट द्यावी ना?' नाही. सूट दिली की ते शाळेचे पाहुणे झाले. गेली कित्येक पिढ्या आपण त्यांना पाहुणेच ठेवलं आहे, तेही न बोलावलेले. मागा. पण कसं मागायचं ते नीट ऐका. 'तुमच्याकडे पैसे नाहीत ना, मग मैदान साफ करा', असं नाही. ज्या माणसांनी वीटभट्टीवर उचलीच्या बदल्यात राबण्यात आयुष्य काढलं त्यांना शाळेने पुन्हा वेठीला धरायचं? श्रमाचा दिवस ठेवायचा असेल तर तो सगळ्यांना हवा. डॉक्टरांना, दुकानदाराला, कंपनीतल्या साहेबाला, मला. पैसे भरून सुटका नाही. सगळ्यांनी एकाच दिवशी, एकाच मैदानात, दगड उचलायचे. तो दिवस भातकापणी झाल्यावर पण भट्टीची गाडी वाडीवर यायच्या आधी धरा. तारीख वाडीवर जाऊन विचारून ठरवा, शाळेत बसून नाही. त्याच भेटीत आईबापांशी बोलता येईल, की पोराला वसतिगृहात ठेवता का, मार्चपर्यंत. आणि शंभर रुपयांची पावती देता तशीच त्या दिवसाचीही पावती फाडा. रकमेच्या जागी लिहा, 'श्रम, एक दिवस'. मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का. प्रत्येकाला, डॉक्टरांनासुद्धा.